दरड कुणावर पडते?

(मे महिन्यातल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे.)



मी भाषणवाला माणूस नाही. दहावी झालो, पुढं कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. गोदीत ठेकेदाराकडे लॅशिंगचं काम करतो. जहाजावर कंटेनर एकावर एक रचलेले असतात, ते लोखंडी रॉडनं आवळायचे, माल उतरवायचा असला की सोडवायचे. आयोजकांनी सांगितलं होतं, दोन कविता वाच. कविता पुढच्या खेपेला. पावसाला महिना उरलाय. इथं बसलेल्यांत किती जणांचं गाव कोकणात आहे ते मला माहीत आहे. म्हणून आज दरडीवर बोलणार आहे.

काही जण मनात म्हणत असतील, हा काय चळवळीचा विषय झाला? दरड पडते, पूर येतो, वादळ येतं. त्यात मनू कुठं आला? अत्याचारावर बोल, राखीव जागांवर बोल, बेकारीवर बोल. मी म्हणतो, तेच बोलणार आहे. फक्त जरा डोंगराकडून सुरुवात करतो.

गोदीतल्या प्रत्येक क्रेनवर रंगवलेलं असतं, किती टन उचलायचं. वायर तुटली, माणूस खाली आला, तर मुकादम म्हणतो, नशीब खोटं. आम्ही ते चालू देत नाही. आम्ही विचारतो, वजन किती होतं? वायर शेवटची तपासली कधी? खाली माणूस उभा का केला? हे तीन प्रश्न विचारले की नशीब पळून जातं आणि मालक दिसायला लागतो. डोंगराला मात्र हे प्रश्न कुणी विचारत नाही. तिथं एकच शब्द तयार आहे : नैसर्गिक आपत्ती. मंत्री येतो, हेलिकॉप्टरमधून बघतो, तोच शब्द बोलतो आणि जातो.

पाऊस नैसर्गिक आहे, कबूल. डोंगर नैसर्गिक आहे, कबूल. पण डोंगराच्या पोटाखाली कोण झोपतो, ओढ्याच्या तोंडाशी कुणाची झोपडी आहे, खाडीच्या बांधाखाली कुणाचं घर आहे, हे निसर्गानं ठरवलेलं नाही. ते माणसांनी ठरवलं. कागदावर ठरवलं. आज मला त्या कागदांबद्दल बोलायचंय.

जिल्हा घेऊ रायगड. पूर्वीचा कुलाबा. तालुका घेऊ महाड. महाड म्हटलं की आपली छाती फुगते. २० मार्च १९२७, चवदार तळं. २५ डिसेंबर १९२७, मनुस्मृतीचं दहन. त्या डिसेंबरात बाबासाहेब मुंबईहून बोटीनं निघाले, दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून लोकांबरोबर चालत महाडला आले. रामचंद्र बाबाजी मोरे हे याच दासगावचे. महाडच्या परिषदेसाठी त्यांनी जिवाचं रान केलं. म्हणजे आपल्या लढ्याचा जो रस्ता आहे, त्याची पहिली पायरी दासगाव.

त्याच दासगावावर जुलै २००५ मध्ये दरड आली. २५ आणि २६ जुलै. मुंबईवाल्यांना २६ जुलै पाठ आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बंद पडल्या, मिठी नदी घरात शिरली. त्याच दोन दिवसांत महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं डोंगर खाली आले. दीडशेहून जास्त माणसं गाडली गेली. मी तेव्हा पाळण्यातून नुकता उतरलेला. पण आमच्या घरात ते दिवस आये अजून सांगते. चाळीत गुडघाभर पाणी, आणि गावाकडचा फोन लागत नाही. मुंबईचं पाणी चार दिवसांत ओसरलं. गावाकडची बातमी यायलाच त्याहून जास्त दिवस लागले.

आता दरड पडते कशी ते सांगतो. हे समजून घ्या, कारण न समजणाऱ्याला कुणीही फसवतो. सह्याद्री म्हणजे काळा कातळ. त्यावर मुरूम आणि लाल माती. कोकणात पाऊस मोठा. पाणी मातीत मुरतं, खाली कातळापाशी जाऊन अडतं. माती फुगते, जड होते. आतलं पाणी मातीचे कण एकमेकांपासून सुटे करतं आणि कातळाची आणि मातीची पकड सुटते. मग अख्खा उतार, झाडाझुडपांसकट, घसरतो. त्यात उताराचा पाय कापलेला असेल, रस्त्यासाठी, प्लॉटसाठी, फार्महाऊससाठी, तर त्याला खालून आधारच राहत नाही. ढिगाऱ्याचं बूड खोदलं की वरचा माल खाली येतो, हे गोदीतल्या पोरालाही कळतं. सरकारच्या इंजिनिअरला कळत नाही असं नाही.

महाडला दुसरं संकट पाण्याचं. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते. पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. महाडला तिला गांधारी येऊन मिळते. घाटमाथ्यावर ढग फुटला की सगळं पाणी या एका चिंचोळ्या खोऱ्यातून खाली यायचं. त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर खाडी पाणी घेत नाही. वरून लोंढा, खालून भरती, मधे महाड. २२ जुलै २०२१ च्या सकाळपासून २३ च्या सकाळपर्यंत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाड शहर पाण्याखाली गेलं. आणि त्याच २२ जुलैला, वर डोंगरात, तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर दरड आली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. रस्ता पाण्यात, फोन बंद, वीज नाही. मदतीची पथकं पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोपर्यंत आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं हातांनी चिखल उपसत होती.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण आपल्या स्टेजवर ती बोलली जात नाही. कोंढाळकरवाडी ही काही बौद्धवाडी नव्हती. तिथं गाडली गेलेली माणसं आपल्या जातीची नव्हती. म्हणून काय आपण गप्प बसायचं? त्या वाडीतल्या घरांचीही पोरं तुमच्यामाझ्यासारखी मुंबईला राबत होती. डोंगर जात विचारत नाही. पण डोंगर पडायच्या आधी जे कागद झाले ते जात विचारतात. डोंगर पडल्यानंतर जे कागद होतात तेही जात विचारतात. तोंडानं विचारत नाहीत, सात-बाराच्या तोंडून विचारतात. मधे फक्त दरडीची ती दोन मिनिटं समता असते. साली केवढी महाग समता!

आधीचे कागद बघा. कोकणात सपाट जमीन थोडी. जी आहे ती भाताची. भाताच्या जमिनीवर कुणी घर बांधू देत नाही. मग घरं चढावर. त्यातला बरा चढ, विहिरीजवळचा, मंदिराजवळचा, तो गावठाणात गेला. उरलं ते बाकीच्यांना. आमची वाडी कुठं? गावाच्या कडेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे, जिथून आमची सावली येणार नाही तिथं. आणि जमीन खोताची. माणूस राबायचा, पीक खोताच्या घरी जायचं, घराखालची माती पण त्याची. १९३७ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं बिल मांडलं ते उगाच नाही. कुणबी आणि महार एकाच खोताच्या टाचेखाली होते, हे त्यांना दिसत होतं. खोती पुढं १९४९ च्या कायद्यानं गेली. पण कागदावर खोती गेली म्हणून वाडी जागची हलली नाही. जिथं अस्पृश्यतेनं आमचं घर ठेवलं, तिथंच आज पुराची रेघ आहे.

कातकऱ्याची तर याहून वाईट गत. रायगडात कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर आहेत. तीन पिढ्या तिथंच जन्मल्या, तिथंच मेल्या, पण घराखालची जमीन त्यांच्या नावावर नाही. मालकानं प्लॉट विकले की उठ म्हणतो. ठाकर, कातकरी डोंगरात दळी जमिनीवर नाचणी-वरी करतो. तो डोंगर सोडत नाही कारण खाली त्याला कुणी उभं राहायला जागा देत नाही. शहरातले शहाणे विचारतात, हे लोक इतक्या धोक्याच्या जागी राहतात कशाला? अरे, तुम्ही जागा द्या, मग विचारा!

आणि मुंबईला आलेला तरी कुठं सुटला? जुलै २००० मध्ये घाटकोपरला डोंगराच्या उतारावरची झोपडपट्टी दरडीखाली गेली. १८ जुलै २०२१ ला, तळीयेच्या चार दिवस आधी, चेंबूरला वाशीनाक्याजवळ संरक्षक भिंत कोसळून उतारावरच्या घरांत झोपलेली माणसं मेली. गावाकडच्या डोंगराखालून निघालेला माणूस मुंबईत येऊन पुन्हा डोंगराखालीच झोपतो. मधे फक्त कसारा नाहीतर पनवेल लागतं, एवढाच फरक.

आता यादीबद्दल. १९ जुलै २०२३. खालापूर तालुका, इर्शाळवाडी. ठाकरांची वाडी, इर्शाळगडाच्या अंगावर. वर जायला रस्ता नाही, पायवाट. रात्री माणसं झोपली आणि डोंगर आला. मदतीचे लोक अंधारात, पावसात, चालत चढले. यंत्र वर नेता येईना. चार दिवसांनी शोध थांबवला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. ती तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी सरकारनं विधानसभेत सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

यादीत नव्हती! हे वाक्य नीट ऐका. वाडी शिधापत्रिकेच्या यादीत असते. मतदारयादीत तर हमखास असते. निवडणुकीत मतपेटी डोंगरावर चढते. पण मरणाच्या यादीत नाव नव्हतं म्हणून आधी काही करता आलं नाही, असं उत्तर मिळतं. यादी महसुली गावाची होते. आणि कोकणात माणूस गावात राहत नाही, वाडीत राहतो. एका गावाला पाच-सात वाड्या. गाव सपाटीला, वाडी डोंगरात. गावाच्या नावापुढं "धोका नाही" अशी खूण केली की सगळ्या वाड्या त्या खुणेखाली गाडल्या जातात.

सह्याद्रीच्या पलीकडच्या बाजूला, पुणे जिल्ह्यात, ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं. १५१ माणसं. जगाला कळलं कसं? सकाळी एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला तर त्याला गाव जागेवर दिसेना. म्हणजे देशाच्या एवढ्या सगळ्या यंत्रणेत धोक्याची पहिली घंटा कोण, तर एसटीचा ड्रायव्हर. तीही गाव गेल्यावर.

असं नाही की कुणी सांगितलं नव्हतं. पश्चिम घाटाचा अभ्यास करायला केंद्र सरकारनं माधव गाडगीळांची समिती नेमली. तिनं ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. घाटाचे नाजूकपणाप्रमाणे पट्टे पाडा, कुठं खाण नको, कुठं डोंगर कापायचा नाही ते ठरवा, आणि ठरवताना ग्रामसभेला विचारा, असं त्यात होतं. सरकारनं तो अहवाल दाबून ठेवला. माहिती अधिकारात भांडल्यावर २०१२ मध्ये तो लोकांपुढं आला. मग दुसरी समिती नेमली. ग्रामसभेला विचारा म्हटल्यावर यांच्या पोटात दुखणारच. ग्रामसभा म्हणजे कातकरी पण आला, बौद्धवाडी पण आली. त्यांना विचारून डोंगर विकता येत नाही.

आता नंतरचे कागद. इथं सगळं उघडं पडतं.

सरकारचे आपत्तीच्या मदतीचे निकष असतात. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्रानं ठरवलेले निकष सांगतो. माणूस मेला तर चार लाख. घर पूर्ण पडलं तर सपाटीला १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. हे झालं घराचं. झोपडी गेली तर? ८ हजार. आणि दुभती म्हैस मेली तर ३७ हजार ५००. म्हशीवर माझा राग नाही. म्हैस गरिबाचीच असते, तिचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण ज्या झोपडीत माणूस राहतो तिची किंमत म्हशीच्या पावपटीपेक्षाही कमी, हे ज्या टेबलावर ठरलं त्या टेबलाभोवती झोपडीतला एक तरी माणूस बसला होता का? आणि पुढची ओळ तर आणखी बघण्यासारखी : घर अधिकृत बांधकाम असल्याचा दाखला पाहिजे. म्हणजे ज्याला तुम्ही शंभर वर्षं जागा नाकारली, त्यालाच विचारायचं, तुझी जागा अधिकृत आहे का?

हे आजचं नाही. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. पहाटे लातूर, उस्मानाबादची गावं झोपेत दगडमातीच्या भिंतींखाली गेली. हजारो माणसं मेली. त्यांच्यासाठी नवी गावं बांधली. जागतिक बँकेचा पैसा आला. आणि घर कसं वाटलं? ज्याला जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे त्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट. सात हेक्टरच्या वर असेल त्याला ७५०. भूकंपानं सगळ्यांची घरं सारखी पाडली होती. सरकारनं ती पुन्हा वरखाली करून बांधली. भूमिहीन कोण, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. कागदावर जात हा शब्द नाही. पण फूटपट्टी लावली की बरोबर जातच मोजली जाते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. बागायतदाराचं नुकसान मोठं, ते खोटं नाही. भरपाई बागेची मिळते. पण त्या बागेत जो पोफळीवर चढतो, सुपारी सोलतो, शिंपणं करतो, त्याची वर्षांची मजुरी गेली. त्याच्या नावावर झाड नाही. पंचनाम्यात झाड मोजतात, झाडावर चढणारा मोजत नाहीत.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्यात कलम ६१ आहे. मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यावरून भेदभाव करायचा नाही, असं ते सांगतं. हे कलम पाठ करा. कायदा करणाऱ्यांना ते घालावं लागलं, याचाच अर्थ भेदभाव होतो हे त्यांना माहीत होतं. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा तमिळनाडूच्या छावण्यांत आपल्या लोकांना पाण्याच्या टाकीपासून हटवलं गेलं, हे छापून आलेलं आहे. समुद्रानं सगळं धुऊन नेलं, विटाळ तेवढा ठेवला.

आता सरकारला काम जमत नाही म्हणाल तर तसंही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या, प्रवाशांसकट, नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती, धोका नव्हता, असं सरकारनंच सांगितलं. मग नवा पूल बांधला. १६५ दिवसांत. हायवे होता ना! माल अडला होता. पूल झाला, चांगलंच झालं. पण तळीयेच्या माणसांनी २०२१ मध्ये घर गमावलं, ती २०२३ च्या पावसाळ्यातही पत्र्याच्या कंटेनरमध्येच होती. कंटेनर मला माहीत आहे. रोज त्याच्यावर चढतो. उन्हात हात लावला तर भाजतो, पावसात आत बोललेलं ऐकू येत नाही. तो माल ठेवायला बनवलाय. माल अडला तर १६५ दिवस, माणूस अडला तर वर्षावर वर्षं. हा हिशेब लक्षात ठेवा.

एक आक्षेप नेहमी येतो : लोकच हलत नाहीत. साहेब लोक नोटिसा देतात, "स्थलांतरित व्हा", आणि लोक ऐकत नाहीत. मी आयेच्या गावी शिमग्याला गेलो होतो. वाडी डोंगराच्या पायाशीच आहे. आमच्या नात्यातले एक म्हातारे आहेत, त्यांना विचारलं, "तात्या, पाऊस वाढला की तुम्ही सगळे खाली शाळेत येऊन का नाही झोपत?"

ते म्हणाले, "अरं बाला, शाळंची चावी गुरुजींकडं. गुरुजी ऱ्हातात महाडात. म्हशीला काय खांद्यावर घिऊ? आनि चार राती खाली झोपलू न् दरड आलीच नाय, तर गाव हसतंय."

ह्याला म्हणतात अडाणीपणा? एका दमात त्यांनी तीन कारणं सांगितली. निवाऱ्याची चावी नाही, जनावराची सोय नाही, आणि खोट्या इशाऱ्याची लाज. आपत्ती व्यवस्थापनाच्या जाड आराखड्यात ह्या तीन ओळी असतील तर मला दाखवा. नोटीस देणं म्हणजे सोय करणं नव्हे. नोटीस देणं म्हणजे उद्या माणसं मेली तर "आम्ही सांगितलं होतं" म्हणायची सोय. ती साहेबाची सोय, वाडीची नाही.

तर करायचं काय? मला ठराव नकोत. आपले ठराव कपाटात झुरळं खातात. इथून उठून करता येईल तेवढंच सांगतो.

पहिलं, यादी. कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला आपत्तीचा आराखडा करावा लागतो, आणि त्यात धोक्याच्या जागा लिहाव्या लागतात. तो प्राधिकरणाचा कागद आहे, कलेक्टर त्याचा अध्यक्ष. माहिती अधिकारात मागवा. त्यात आपल्या गावाचं नाव शोधू नका, वाडीचं शोधा. बौद्धवाडी, कातकरवाडी, ठाकरवाडी, धनगरवाडा, कोंढ. नाव नसेल तर ग्रामसभेत लिहून द्या आणि पोच घ्या. उद्या कुणी विधानसभेत "यादीत नव्हती" म्हणाला तर ती पोच त्याच्या तोंडावर मारता आली पाहिजे.

दुसरं, पाऊस मोजा. सरकारचा पर्जन्यमापक दूर मंडळाच्या गावी असतो. डोंगरात पाऊस वेगळा. सरळ उभ्या कडांचा एक डबा, एक फूटपट्टी. रोज सकाळी एकाच वेळेला मोजायचं, लिहायचं, ओतून टाकायचं. २४ तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की हवामान खात्याच्या मोजणीत तो सगळ्यात वरच्या पायरीचा पाऊस. म्हणजे डब्यात साधारण वीतभर पाणी. पण वीतभर व्हायची वाट बघू नका. आधी दोन-तीन दिवस संततधार असेल तर जमीन भरलेलीच असते. इर्शाळवाडीच्या आधीच्या तीन दिवसांत तिथं ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं सरकारनं सांगितलं. डबा वाडीत असता तर तिसऱ्या संध्याकाळी तो काही तरी बोलला असता.

तिसरं, डोंगर बघा. जमिनीला नवी भेग गेली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या मारा आणि सुतळीनं अंतर मोजा. वाढलं की निघायचं. विजेचा खांब, झाड तिरकं झालं. दार अचानक अडकायला लागलं. नेहमीचा झरा गढूळ झाला, नाहीतर भलत्याच जागी नवा फुटला. पाऊस चालू असताना ओढा एकदम आटला, म्हणजे वर कुठं तरी अडलाय. ह्या खुणा म्हाताऱ्यांना ठाऊक असतात. पोरं त्यांना विचारत नाहीत.

चौथं, चावी. शाळेची, समाजमंदिराची, जी पक्की आणि उताराबाहेरची इमारत असेल तिची एक चावी जून ते सप्टेंबर वाडीत राहिली पाहिजे. गावच्या देवळात नाहीतर सभागृहात निवारा असेल तर आधीच विचारून ठेवा, बौद्धवाडी आणि कातकरी आत घेणार का? पावसाळ्याच्या रात्री दारात उभं राहून हा प्रश्न विचारायची वेळ येऊ नये. नाही म्हणाले तर मेमध्येच भांडू. १९२७ मध्ये पाण्यासाठी भांडलो, आता छपरासाठी.

पाचवं, घराचा कागद. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, घरपट्टीची पावती, घराचा फोटो, आधार आणि रेशनकार्ड. सगळ्याची एक प्रत मुंबईतल्या पोरानं आपल्याजवळ ठेवायची. घर वाहून गेलं की कागदही वाहून जातो, आणि मग तलाठी विचारतो, घर होतं कशावरून?

सहावं आणि खरं काम, जागा. आधीच्या पाचांनी जीव वाचेल, पण दर पावसाळ्याला चार रात्री शाळेत झोपून आयुष्य काढायचं काय? १९४७ मध्ये बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये मागणी केली होती : अस्पृश्यांना सरकारी पडीक जमिनीवर वेगळ्या वसाहती द्या, आणि त्यासाठी सेटलमेंट कमिशन नेमा. ती मागणी कुणी ऐकली नाही. आज तीच मागणी डोंगराच्या तोंडून पुन्हा पुढं आली आहे. धोक्याच्या वाडीला दरड पडायच्या आधी जागा द्या, मेल्यावर नको. कलेक्टरला गावठाण वाढवायचा अधिकार आहे, तो फार्महाऊसवाल्यांसाठी नसून आमच्यासाठी वापरा. जागा अशी द्या की दळीवर, जंगलात, भाताच्या कामाला चालत जाता येईल. नाहीतर माणूस पुन्हा डोंगराखाली जाईल, आणि बरोबर करेल. आणि नव्या वसाहतीच्या नकाशात बौद्धवाडी पुन्हा खालच्या कोपऱ्यात, गटाराच्या तोंडाला ठेवली, तर तो नकाशा तिथल्या तिथं फाडायचा. भूमिहीन आणि जमीनवाला, दोघांना एकाच मापाचं घर. किल्लारीचं माप कोकणात येऊ द्यायचं नाही.

हे काम आपल्या एकट्याच्या जातीचं नाही. डोंगराखाली कुणबी आहे, ठाकर आहे, कातकरी आहे, धनगर आहे, मुसलमान आहे. खोताविरुद्ध हे सगळे एका बाजूला येऊ शकतात हे कोकणानं एकदा बघितलंय. दरडीविरुद्ध येणार नाहीत असं कुणी सांगितलं? बौद्धवाडीतल्या पोरानं कोंढाळकरवाडीसारख्या वाडीतही डबा नेऊन ठेवावा. ते हाकलतील कदाचित. ठेवावा तरी.

जूनच्या पहिल्या आठवड्याआधी प्रत्येकानं एकदा गावी जाऊन यायचं. खाडा पडला तर पडू दे, मीही दोन दिवसांचा पगार सोडणार आहे. जाताना मिठाई नेऊ नका. एक फूटपट्टी न्या, सुतळी न्या, आणि माहिती अधिकाराचा कोरा अर्ज न्या. परत येताना आपल्या वाडीचं नाव, घरं किती, माणसं किती, चावी कुणाकडे, एवढं लिहून आणा. पुढच्या अंकात ती यादी छापू. सरकारच्या यादीत नाव नसलेल्या वाड्यांची यादी. कवितेच्या जागी छापू. माझी कविता वगळली तरी चालेल.

जयभीम.